लवणासुर, मंगळाचा दगड आणि बीबीसीचा खड्डा

लोणारचं सरोवर आणि बीबीसीची एक जुनी ब्लॅक अँड व्हाइट मालिका, यांचा संबंध काय? खरं सांगायचं तर काहीच नाही. मालिकेत लोणारचं नाव येत नाही, भारताचंही येत नाही. पण लोणारला जायच्या आधी कोणी मला विचारलं की काय वाचून जाऊ, तर मी गॅझेटियरच्या आधी ही मालिका बघायला सांगतो. मित्र हसतात. हसू देत. आजचा लेख त्यांच्यासाठीच आहे.

मालिकेचं नाव 'क्वाटरमास अँड द पिट'. लेखक नायजेल नील. २२ डिसेंबर १९५८ ते २६ जानेवारी १९५९, दर सोमवारी एक, असे सहा भाग. प्रोफेसर क्वाटरमास हा नीलचा नायक त्याआधी १९५३ आणि १९५५ मध्ये येऊन गेला होता. १९५३च्या पहिल्या मालिकेचे सहापैकी दोनच भाग आज शिल्लक आहेत, कारण तेव्हा नाटकं थेट स्टुडिओतून प्रक्षेपित व्हायची आणि रेकॉर्ड करून ठेवायची कोणाला फारशी गरज वाटत नसे. (बॅकअप न घेण्याची परंपरा आपल्या क्षेत्रापेक्षा जुनी आहे बरं का!) 'पिट'चे मात्र सहाही भाग सुखरूप आहेत.

गोष्ट अशी. लंडनमध्ये नाइट्सब्रिज भागात इमारतीसाठी पाया खणताना माणसासारख्या प्राण्यांच्या कवट्या सापडतात. रोनी नावाचा शास्त्रज्ञ तिथं उत्खनन सुरू करतो. आणखी खाली धातूचं काहीतरी लागतं. महायुद्ध संपून तेरा वर्षंच झालेली, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की न फुटलेला जर्मन बाँब असणार. लष्कराचा कर्नल ब्रीन तर शेवटपर्यंत हेच धरून बसतो. पण ती वस्तू पन्नास लाख वर्षं जुन्या थरात आहे. आत मेलेले प्राणी सापडतात, टोळासारखे, डोक्यावर शिंगं असलेले. मंगळावरून आलेले.

इथपर्यंत ठीक आहे, अशा गोष्टी शेकड्याने आहेत. नीलची खरी करामत पुढे आहे. ज्या गल्लीत हे खोदकाम चाललंय तिचं नाव हॉब्स लेन. हॉब हे इंग्रजीत सैतानाचं जुनं टोपणनाव! गल्लीतलं एक घर भुताटकीचं म्हणून कित्येक वर्षं ओस पडलेलं. क्वाटरमास काय करतो? तो जुनी वर्तमानपत्रं काढतो, मग त्याहून जुनी कागदपत्रं, मग मध्ययुगातल्या लॅटिन नोंदी. आणि त्याला एक पॅटर्न दिसतो. जेव्हा जेव्हा त्या जागी कोणी जमीन खणली, तेव्हा तेव्हा तिथं भुतं दिसली. प्रॉडक्शनमध्ये रात्री दोन वाजता सर्व्हर का पडतो हे शोधताना आपण जसे जुने लॉग चाळतो आणि अचानक लक्षात येतं की अरे, प्रत्येक वेळी त्याच्या आधी तीच जॉब चालली होती, अगदी तसं. पण हे लॉग कसले आहेत, तर भुताखेतांच्या गोष्टी. गावगप्पा. क्वाटरमास त्या खऱ्या मानत नाही, पण फेकूनही देत नाही. तो त्यांच्याकडे डेटा म्हणून बघतो.

ही एक गोष्ट मला ब्रिटिश विज्ञानकथेत फार आवडते. अमेरिकन विज्ञानकथेला मोकळं आकाश लागतं, मोठं यान लागतं. ब्रिटिश लेखक संकट आणून टाकतो ते चौथ्या गल्लीत, दूधवाला आणि पोलिस शिपाई यांच्या मध्ये. आणि मग जुनी जागा, जुनी भीती, पॅरिश चर्चच्या नोंदी हे सगळं उकरून काढतो.

याची सुरुवात अर्थात एच. जी. वेल्सने केली. तो १८९५ मध्ये वोकिंगला राहायला गेला, आणि सायकलवरून फिरत आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणाला कुठे मारायचं याच्या जागा त्याने पक्क्या केल्या. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९७ मध्ये मासिकात आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात मंगळावरचं यान हॉर्सेलच्या माळावर पडतं तेव्हा सगळ्यांना आधी वाटतं की अशनी पडलाय. ओगिल्व्ही नावाचा खगोलशास्त्रज्ञ सकाळी उठून अशनी शोधायलाच जातो. मग खड्ड्याभोवती गर्दी जमते. पोरं काठावर पाय सोडून बसतात. एक मिठाईवाला आपल्या मुलाला हिरवी सफरचंदं आणि जिंजर बिअरची हातगाडी घेऊन पाठवतो!

लोणारच्या काठावर उभं राहून मी हे वाक्य आठवून हसलो होतो. कारण तिथंही काठावर गर्दी होती, पोरं होती, आणि भाजलेल्या कणसांची गाडी होती. फक्त आमचा खड्डा जरा जुना आहे, एवढंच :-)

आता लोणार. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बुलढाणा जिल्हा. सपाट काळी जमीन, आणि त्या जमिनीत एकाएकी साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, सुमारे दीडशे मीटर खोल, जवळजवळ कंपासने काढल्यासारखं वर्तुळ. तळाशी सव्वा किलोमीटरचं सरोवर. पाणी खारं आणि वर अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उचललेला. आत उतरलं की जंगल, मोर, पडकी देवळं, पाण्याजवळ कमळजादेवीचं देऊळ. वर गावात दैत्यसूदनाचं हेमाडपंती मंदिर, आणि त्याच्याशीच जोडलेली मूळ कथा.

लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली गुहेत राहायचा. विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेऊन त्याच्या बहिणींना भुलवलं आणि त्यांच्याकडून जागा काढून घेतली. मग पायाच्या अंगठ्याने गुहेवरचं झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं. झाकण दूर जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. सरोवर म्हणजे दैत्याची गुहा आणि खारं पाणी म्हणजे त्याचं रक्त.

नाव बघा, लवण-असुर. मिठाचा दैत्य. हॉब्स लेनसारखंच गावाच्या नावातच सगळं लिहून ठेवलंय!

ते मीठ काही नुसतं कथेतलं नव्हतं. 'आईन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख आहे तो इथं काच आणि साबण बनवायचं सामान मिळतं म्हणून. पुढच्या काळातही इथल्या क्षारांचा व्यापार चालू होता, आणि त्यांच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुस्की अशी मस्त नावं होती. म्हणजे लोणारच्या लोकांसाठी ही जागा एकाच वेळी तीर्थ, खाण आणि दैत्याचं घर होती.

१८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर हा ब्रिटिश अधिकारी इथं आला. तेव्हा वऱ्हाड निजामाचं होतं, इंग्रजांच्या ताब्यात ते १८५३ मध्ये गेलं. अलेक्झांडरने या विलक्षण खड्ड्याची नोंद केली आणि आधुनिक विज्ञानाच्या वहीत लोणार आलं. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी 'अलेक्झांडरने लोणारचा शोध लावला' असं लिहिलेलं असतं. हे वाचून माझं डोकं फिरतं. अहो, काठावर सातआठशे वर्षं जुनं देऊळ उभं आहे, ते काय कोणाला न दिसता बांधलं?

पुढची दीडशे वर्षं हा खड्डा कसा झाला यावर वाद. बहुतेकांचं मत ज्वालामुखी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आख्खं दख्खनचं पठार लाव्हारसाचंच आहे. बेसॉल्टमध्ये भोक दिसलं तर माणूस ज्वालामुखीच म्हणणार. पण पठाराचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि खड्डा तर काल पडल्यासारखा ताजा. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्टने अॅरिझोनातल्या तशाच एका खड्ड्याबद्दल लिहिताना लोणारशी त्याचं साम्य दाखवलं. साम्य बरोबर होतं. निष्कर्ष काय काढला? लोणार ज्वालामुखीच्या मुलखात आहे, म्हणजे अॅरिझोनातलाही वाफेच्या स्फोटाने झाला असणार! बरोबर उदाहरण, उलटं उत्तर.

१९६० मध्ये अॅरिझोनाचा खड्डा अशनीचाच हे सिद्ध झालं. १९६४ मध्ये लाफाँड आणि डिएट्झ यांनी लोणारबद्दलही तोच प्रश्न विचारला. आणि १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा शोधनिबंध आला. लोणार म्हणजे बेसॉल्टमध्ये झालेलं आघातविवर. पुरावा काय, तर खडकात सापडलेलं मॅस्केलिनाइट.

इथं जरा थांबतो, कारण या शब्दात एक आख्खी गोष्ट आहे.

मॅस्केलिनाइट म्हणजे फेल्डस्पार या खनिजाची काच. पण वितळून झालेली नाही. इतक्या जोराचा धक्का बसतो, काही लाख वातावरणांइतका दाब, की स्फटिकाची आतली रचना न वितळताच मोडून पडते. असा दाब ज्वालामुखीला झेपत नाही. त्यासाठी वरून काहीतरी अतिवेगाने येऊन आदळावं लागतं. हे खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं १८७२ मध्ये, आणि नाव दिलं गेलं ब्रिटिश म्युझियमचे खनिजतज्ज्ञ नेव्हिल स्टोरी मॅस्केलिन यांचं. कशात ओळखलं? बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या अशनीत. सुमारे पाच किलोचा दगड. त्याच्यावरून अशा सगळ्या अशनींना 'शेरगोटाइट' म्हणतात.

आणि १९८०च्या दशकात कळलं की शेरगोटाइट आले कुठून. याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका दगडात अडकलेला वायू १९८३ मध्ये तपासला, तर तो व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला!

म्हणजे बघा. वेल्सचे मंगळवासी वोकिंगला उतरले १८९८ मध्ये. त्याच्या ३३ वर्षं आधी, राणीच्याच राज्यात, मंगळाचा खराखुरा तुकडा बिहारमध्ये पडलेला होता. वेल्स कादंबरी लिहीत होता तेव्हा त्या दगडातल्या खनिजाला लंडनच्या माणसाचं नाव मिळूनही पंचवीस वर्षं झाली होती, आणि दगड मंगळाचा आहे हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. नीलला १९५८ मध्येही नाही. आणि त्याच काचेने लोणारचं कोडं सुटलं. ही गोष्ट कोणी कादंबरीत लिहिली असती तर संपादकाने 'योगायोग फार झाले' म्हणून परत पाठवली असती.

वेल्सबद्दल अजून एक. पहिल्याच प्रकरणात तो वाचकाला सांगतो की मंगळवाल्यांना नावं ठेवण्याआधी आपण टास्मानियाच्या लोकांचं काय केलं ते आठवा. साम्राज्य ऐन भरात असताना लंडनच्या वाचकाला हे ऐकवायला छाती लागते. नीलनेही तेच केलं. १९५८च्या उन्हाळ्यात नॉटिंग हिलमध्ये काळ्या लोकांवर हल्ले झाले होते, आणि त्याच्या मालिकेच्या शेवटी लंडनचे साधे लोक आपल्यापेक्षा वेगळ्या असलेल्यांना वेचून मारायला निघतात. सैतान खड्ड्यात नव्हताच म्हणा ना. ब्रिटिशांच्या राज्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही, पण त्यांच्या या लेखकांबद्दल भरपूर आहे, आणि दोन्ही एकत्र ठेवायला मला काही अडचण येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मराठीत ही परंपरा आली ती बऱ्याच वाटांनी, पण सगळ्यात सरळ वाट केंब्रिजहून आली. जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि पुढे फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी झाले. हॉइल म्हणजे 'बिग बँग' हा शब्द १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर पहिल्यांदा वापरणारा माणूस, आणि तोही ती कल्पना अजिबात न पटलेला! त्याच हॉइलची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ची. १९६१ मध्ये त्याने जॉन इलियटबरोबर बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका लिहिली. अवकाशातून संदेश येतो, तो म्हणजे कॉम्प्युटर बनवण्याच्या सूचना निघतात, आणि आपले शास्त्रज्ञ तो बनवून चालूही करतात. (अनोळखी माणसाने पाठवलेला कोड न तपासता रन करू नये, हे १९६१ मध्ये सांगून झालंय.) जुली क्रिस्टीला नाव मिळालं ते याच मालिकेतून. सात भागांपैकी एक अख्खा भाग आणि काही तुकडे, एवढंच आज उरलंय. गुरू हे सगळं करत होता तेव्हा नारळीकर तिथंच त्याच्याकडे संशोधन करत होते. मोठ्या शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिणं यात कमीपणा नाही हे त्यांनी रोज समोर पाहिलं असणार.

१९७२ मध्ये ते भारतात परतले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. आद्याक्षरं उलटी करून बघा, जयंत विष्णू नारळीकर. नावामुळे परीक्षक दबू नयेत म्हणून ही युक्ती. १९७५च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी त्यांच्या कथेची दखल घेतली. लोककथांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या बाईंना विज्ञानकथेत काहीतरी दिसलं, हे मला फार बोलकं वाटतं.

नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये डाव्याचं उजवं होतं, ते चौथ्या मितीतून फिरून आल्यामुळे. वेल्सच्या १८९६च्या 'द प्लॅटनर स्टोरी'त एक मास्तर असाच फिरून येतो आणि त्याचं हृदय उजवीकडे गेलेलं असतं. युक्ती तीच, पण तिला गणपतीच्या सोंडेवर आणून बसवणं हे खास मराठी डोकं. सोंड उजवी म्हणजे सोवळं कडक, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती कथा पूर्ण लागते. अनुवाद आणि आत्मसात करणं यातला फरक हाच.

लोणारशी थेट भिडते ती त्यांची 'धूमकेतू'. हौशी खगोलप्रेमी दत्ता एक धूमकेतू शोधतो, आणि तो पृथ्वीवर आदळणार असं निघतं. ब्रिटनमध्ये गुप्त बैठका होतात, यान पाठवून स्फोटाने त्याची वाट बदलायचं ठरतं, आणि ते जमतंही. इकडे दत्ताच्या घरी मात्र संकट टळावं म्हणून यज्ञ चाललेला असतो. आर्थर क्लार्कच्या १९७३च्या 'रांदेव्हू विथ रामा'तही सुरुवातीला इटलीवर उल्का पडते आणि मग माणसं 'स्पेसगार्ड' नावाची पहारा यंत्रणा उभारतात. १९९०च्या दशकात नासाच्या अभ्यासगटाने पृथ्वीजवळच्या लघुग्रहांच्या खऱ्या शोधमोहिमेला हेच नाव घेतलं. २६ सप्टेंबर २०२२ रोजी 'डार्ट' यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं आणि त्याची प्रदक्षिणा सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. नारळीकरांनी ते पाहिलं. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात गेले.

यज्ञाच्या मुद्द्यावर मात्र माझं मन नारळीकरांपेक्षा नीलकडे झुकतं. नारळीकरांना अंधश्रद्धेची चीड आहे आणि ती योग्यच आहे. पण नील जुन्या गोष्टीला विचारतो, तू काय पाहिलं होतंस? त्याच्या शेवटच्या भागात लोखंडाची साखळी कामाला येते, कारण सैतानाला लोखंड चालत नाही अशी जुनी समजूत. आपल्याकडेही बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतातच की.

मग लवणासुर ही अशनीपाताची आठवण आहे का? फॉरवर्ड्समध्ये हे हमखास येतं, 'आपल्या पूर्वजांनी पाहिलं होतं'. नीलच्या कथेत अशी वंशपरंपरागत आठवण आहे. लोणारमध्ये नाही. विवराचं वय आधी सुमारे ५२ हजार वर्षं मोजलं गेलं होतं. २०११ मध्ये आरगॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. तेव्हा आपल्यासारखी माणसंच नव्हती, पूर्वज कुठले आणि पुराण कुठलं! ५२ हजार धरले तरी इतकी वर्षं तोंडी गोष्ट टिकून राहील हे मला पटत नाही.

मला वाटतं लवणासुर हा अंदाज आहे. कोणीतरी काठावर उभं राहून नीट बघितलं. इथली जमीन गेली कुठे? म्हणजे झाकण उडालं. काठ वर का आलाय? म्हणजे जोर लावला गेला. पाणी खारं का? म्हणजे आत काहीतरी वेगळं होतं. आणि हे सगळं एका क्षणात, एका फटक्यात घडलं. हळूहळू खचून नाही, नदीने कोरून नाही. १८९६च्या गिल्बर्टपेक्षा हा अनामिक कथाकार उत्तराच्या जवळ होता असं म्हणायचा मोह होतो... पण त्याने मॅस्केलिनाइट शोधलं नाही, त्यामुळे आवरतो. निरीक्षण पैकीच्या पैकी, सिद्धता शून्य. इंजिनिअरिंगच्या पेपरात अशाला निम्मे मार्क द्यायचे.

जून २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं. आठवत असेल, सगळ्यांच्या फोनवर फोटो आले होते. दैत्याचं रक्त, असं कोणी म्हटलं नसतं तरच नवल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, क्षार वाढले, आणि खारटपणात मजेत जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. गुलाबी रंग त्यांचा. प्रयोगशाळेत ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं.